सत्तेचे वाटणीपत्र : फर्मानापासून संविधानापर्यंत

स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या समाजातील कुटुंबे प्रतिवर्षी एकत्र येतात, गतवर्षीच्या कार्याचा व जमाखर्चाचा आढावा घेतात आणि यशस्वी विद्यार्थ्यांचे कौतुक करतात. त्याच ओघात आपल्या प्रदेशाच्या इतिहासाची काही पाने वाचकांपुढे ठेवण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही राज्यसत्तेच्या वाटणीचा विषय निवडला आहे. विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटेल; परंतु पाथरीसारख्या गावात ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांच्या घरादाराशी, शेतीवाडीशी व अब्रूशी त्याचा निकटचा संबंध आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानी येईल.

वाटणी हा शब्द आपल्या घरांत कोणास नवा नाही. वडिलांनी आपल्या हयातीत थोरल्या मुलास सांगितले की, 'हा मळा तू कसून खा', तर तेवढ्याने वाटणी होत नाही. ती वडिलांची मर्जी असते. उद्या ती फिरली, तर मळा परत जातो. वाटणीपत्र लिहून झाले, चतुःसीमा ठरल्या, पंचांच्या सह्या झाल्या, म्हणजेच प्रत्येकाचा हिस्सा त्याचा स्वतःचा होतो आणि मग बांध कोरण्याचा अधिकार वडिलांनाही उरत नाही. राज्यसत्तेची गोष्टही अशीच आहे. कायदा करणे, कायद्याप्रमाणे कारभार करणे आणि तंट्याचा न्याय करणे ही सत्तेची तीन अंगे होत. ती तीन ठिकाणी ठेवलेली दिसली, म्हणजे सत्तेची वाटणी झाली, असे मात्र नाही. ती कोणी वाटली आणि वाटणाऱ्यास ती मोडता येते काय, हा खरा प्रश्न होय. मराठवाड्याने मर्जीची वाटणी आणि लेखी वाटणी या दोन्ही एकाच शतकात अनुभवल्या. म्हणून संविधानाचा हा भाग समजून घेण्यास आपल्याइतके अनुकूल स्थान दुसरे क्वचितच असेल.

गोदावरीच्या खोऱ्यातील पाथरी हे गाव सत्तेच्या इतिहासात फार जुने आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ घराणे पाथरीच्या कुळकर्णी वतनदारांपैकी होते, असे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. (ही निजामशाही निराळी, हैदराबादचे निजाम हे पुढे अठराव्या शतकात आले.) पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. पूर्वजांचे हे ठिकाण आपल्याकडे असावे, म्हणून बुऱ्हाण निजामशहाने त्याची मागणी केली. ती मान्य न झाल्यामुळे १५१८ मध्ये त्याने पाथरी जिंकून घेतली, असाही वृत्तांत फिरिश्त्याने दिला आहे. पुढे मोगलांच्या अमदानीत पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे झाले. 'ऐने अकबरी'त त्याची नोंद आहे. म्हणजे सुलतान बदलले, सुभे बदलले. परंतु हुकूम देणारा, वसूल घेणारा आणि अखेरचा न्याय करणारा धनी एकच, ही स्थिती कायम राहिली.

तथापि, त्या काळी सत्तेला काहीच आवर नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. दख्खनमधील गावगाड्यात पाटील वसूल व बंदोबस्त पाही, कुळकर्णी दप्तर सांभाळी आणि वतनाचा किंवा बांधाचा तंटा उपस्थित झाला, म्हणजे गोतसभा बसे. वादी-प्रतिवाद्यांकडून निवाडा मान्य करण्याचा राजीनामा व जामीनकतबा प्रथम लिहून घेत, साक्षीपुरावा होई आणि शेवटी महजर तयार होई. त्यावर पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, सुतार-लोहारांची अवजारे अशा निशाण्या उठत. हरणारा येजितखत लिहून देई. एकट्या पाटलाने वतनाचा निकाल लावू नये, ही समज त्या रिवाजात होती. पण या व्यवस्थेचे दोषही तितकेच मोठे होते. गोतात कोणाचा शब्द वजनदार आणि कोणी दूर बसावयाचे, हे जातीने ठरे. आणि राजाच्या किंवा सरदाराच्या मनात आले, तर केलेला निवाडा उलटविण्यास त्याला कोणताही लेख अडवीत नसे.

हैदराबादच्या निजामी राजवटीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारभाराला आधुनिक वळण लागू लागले. दिवाण सर सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. ठेकेदारांच्या हातचा वसूल पगारी अंमलदारांकडे आला. जिल्ह्यास तालुकदार व तालुक्यास तहसीलदार अशी रचना झाली. आपल्याकडील वृद्धांच्या बोलण्यात 'अव्वल तालुकदार' हा शब्द पुष्कळ दिवस टिकून होता. त्याचा अर्थ आजचा जिल्हाधिकारी. वसूल गोळा करणे आणि तंट्यांचे निवाडे देणे ही कामे या महसुली अंमलदारांच्या हातात बऱ्याच अंशी एकत्र होती. ज्याच्या तगाद्याविरुद्ध तक्रार करावयाची, त्याच्याच दारात न्यायासाठी उभे राहावे लागे. ज्यांनी सारा भरला असेल, त्यांना याचा अर्थ उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

१९११ मध्ये मीर उस्मान अली खान गादीवर आले. १९१९ मध्ये त्यांनी सर अली इमाम यांच्या अध्यक्षतेखाली कार्यकारी मंडळ स्थापन केले आणि १९२१ मध्ये फर्मान काढून न्यायखाते कारभारखात्यापासून अलग केले. तालुकदार व तहसीलदार यांच्याकडील न्यायदानाचे अधिकार काढून ते मुन्सिफ आदी न्यायाधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आले. ही सुधारणा सामान्य नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानात राष्ट्रसभा १८८६ पासून हीच मागणी ठरावांनी करीत होती आणि इंग्रज सरकार ती टाळीत होते. जे मुंबई-कलकत्त्यास झाले नाही, ते हैदराबाद संस्थानात झाले. निजामी राजवटीविषयी आपल्या पूर्वजांच्या तक्रारी कितीही रास्त असल्या, तरी हे श्रेय इतिहासाने तिच्या पदरात टाकलेच पाहिजे.

परंतु येथेच आमच्या मुख्य मुद्द्यास प्रारंभ होतो. १९२१ मध्ये न्यायाधीश तहसीलदारापासून मोकळा झाला. फर्मानापासून मोकळा झाला नाही. वाटणी झाली ती खालच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर कायदा करणारे, कारभाराचे प्रमुख आणि न्यायाचे अखेरचे धनी हे तिन्ही निजामच होते. कायदेमंडळ नावाची एक संस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होती. परंतु तिच्या संमतीवाचून फर्मान अडत नसे. अशा व्यवस्थेत न्यायाधीश कितीही सच्छील असला, तरी त्याच्यापुढे जो कायदा येई तोच एका व्यक्तीच्या इच्छेतून निघालेला असे. तो बरोबर लागू झाला की नाही एवढेच त्याने पाहावयाचे. तो न्याय्य आहे काय, हे विचारण्यास त्याच्यापाशी साधन नव्हते.

याचे फळ प्रजेस लवकरच चाखावे लागले. सभाबंदीची 'गश्ती निशाण ५३' मराठवाड्यातील जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणीत घर करून होती. गश्ती म्हणजे कचेरीचे परिपत्रक. कोणत्याही प्रतिनिधींनी चर्चा करून, मत देऊन केलेला तो कायदा नव्हता. तरीही पूर्वपरवानगीवाचून सभा भरविणे त्यामुळे दुरापास्त झाले. १९३७ मध्ये परतूर येथे (ते त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते) महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले व मराठी प्रजेची गाऱ्हाणी एका व्यासपीठावर आली. पुढील वर्षी, १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. ती १९४६ पर्यंत टिकली. स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. १९२१ ची न्यायखात्याची विभागणी तेव्हाही कागदोपत्री शाबूत होती. मुन्सिफाची कचेरी आपल्या जागी होती, हैदराबादेत उच्च न्यायालय होते. पण सरकारची बंदीच बेकायदा आहे, असा अर्ज घेऊन कोणत्या कायद्याच्या आधारे जावे? आधार देणारा मूळ कायदाच नव्हता. न्यायालये होती, पण सरकारला लागू असलेले वाटणीपत्र नव्हते.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याची कारवाई होऊन १७ तारखेस निजामाने शस्त्रसंधी केली. मराठवाडा मुक्त झाला. तरीसुद्धा सत्तेची वाटणी त्याच दिवशी झाली नाही, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. प्रथम मेजर जनरल जयंतनाथ चौधरी हे लष्करी गव्हर्नर झाले व निजामाच्या फर्मानानेच सर्वाधिकार त्यांच्याकडे आले. १९५० च्या प्रारंभापासून एम. के. वेलोडी या सनदी अधिकाऱ्याकडे मुख्यमंत्रिपद आले. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने एक फर्मान काढले आणि भारताचे संविधान हैदराबादेस लागू होईल, असे जाहीर केले. फर्मानांच्या दीर्घ परंपरेत या फर्मानाचे स्थान वेगळे आहे. कारण फर्मानाची निरंकुश शक्ती त्यानेच संपविली. २६ जानेवारी १९५० पासून निजाम राजप्रमुख झाले, म्हणजे संविधानाच्या अधीन असलेले एक पदाधिकारी. १९५२ मध्ये प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली, विधानसभा अस्तित्वात आली आणि बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. पाथरीच्या शेतकऱ्याने, शेतमजुराने आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांनी कायदा करणाऱ्यास निवडण्यासाठी आयुष्यात प्रथमच मतपत्रिका पेटीत टाकली.

हा फरक केवळ नावाचा होता की खरा, याची कसोटी लगेचच लागली. त्या खटल्याची हकीकत आमच्या मते शाळेतील प्रत्येक मुलास सांगण्यासारखी आहे. पायगा घराण्यातील नवाब वलीउद्दौला हे १९३५ मध्ये निवर्तले. त्यांच्या मिळकतीवर दोन स्त्रियांनी आपण विवाहित पत्नी असल्याचा हक्क सांगितला व इतर वारसांनी तो नाकारला. प्रकरण आयोग, अहवाल आणि फर्माने यांच्या फेऱ्यांत अडकले. १९४७ मध्ये या दोघींच्या विरुद्ध फर्मान निघाले; १९४९ मध्ये त्याच विषयावर आणखी फर्माने निघाली. अखेर १९५० मध्ये हैदराबाद राज्यात या एकाच वारशापुरता एक कायदा झाला. त्या दोघींचे व त्यांच्या मुलांचे दावे त्या कायद्यानेच फेटाळले आणि कोणत्याही न्यायालयात त्याविषयी दाद मागता येणार नाही, अशी तरतूद केली. म्हणजे ज्या सत्तेने सर्वांसाठी नियम करावयाचे, तिने न्यायाधीशाच्या आसनावर बसून दोन स्त्रियांचा मुकदमा निकालात काढला.

हैदराबादच्या उच्च न्यायालयाने हा कायदा मानला नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५२ मध्ये तोच निर्णय कायम केला. न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी लिहिलेल्या निकालाचा मथितार्थ असा की, वारशाचे तंटे इतर नागरिकांचेही असतात व त्यांना न्यायालयाचे दार उघडे असते. केवळ या दोघींना निवडून त्यांच्यापुढे ते बंद करण्यास कोणतेही वाजवी कारण नाही. निर्णय संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदातील समानतेवर दिला गेला. परंतु त्याचा परिणाम सत्तेच्या बांधापाशी येऊन पोहोचला. राज्याने केलेला कायदा राज्यातीलच न्यायालय रद्द करते आणि कोणीही न्यायाधीशास घरी पाठवीत नाही, ही गोष्ट हैदराबादेत तीन वर्षांपूर्वी कल्पनेतही आली नसती.

याच कुटुंबाचा वाद डिसेंबर १९५४ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आला. या वेळी जुन्या फर्मानांचे बळ किती, हा प्रश्न होता. न्यायमूर्ती मुखर्जींनी त्या वेळी निजामी सत्तेचे जे वर्णन केले, ते संक्षिप्त व अचूक आहे. संविधान लागू होण्यापूर्वी निजाम हेच सर्वोच्च कायदेमंडळ, सर्वोच्च न्यायसंस्था आणि कारभाराचे सर्वोच्च प्रमुख होते व यांपैकी कोणत्याही नात्याने वागताना त्यांच्यावर घटनात्मक मर्यादा नव्हती. म्हणून त्यांचे फर्मान हा कायदाच होता, असा त्याचा आशय आहे. १९२१ ची सुधारणा सर्वोच्च न्यायालयास ठाऊक नव्हती असे नव्हे. परंतु देणाऱ्याच्या हातात परत घेण्याची शक्ती असेपर्यंत ती विभागणी सत्तेचे स्वरूप बदलू शकत नाही, हेच या वर्णनावरून सिद्ध होते.

आता संविधानाने ही वाटणी कशी केली, ते पाहू. कायदा करण्याचे काम संसद व राज्यांची विधिमंडळे यांच्याकडे आहे. कारभाराचा अधिकार राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या नावे असला, तरी तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो आणि मंत्रिमंडळ लोकसभेस किंवा विधानसभेस सामुदायिक रीतीने जबाबदार असते. कायद्याच्या आधारावाचून कर बसविता येत नाही. विधिमंडळाच्या संमतीवाचून तिजोरीतील पैसा खर्चता येत नाही. उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांना काढावयाचे, तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचे बहुमत आणि उपस्थित व मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश मत लागते. न्यायाधीशाच्या कर्तव्यपालनातील वर्तनाची चर्चा विधिमंडळात होऊ शकत नाही, अपवाद फक्त त्याला पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावाचा, आणि तोही संसदेतच येतो. उलट सभागृहाच्या कामकाजात रीतीची चूक झाली एवढ्या कारणावरून न्यायालय त्याची चौकशी करीत नाही. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या बांधाचा मान राखावा, तशीच ही योजना आहे.

ही वाटणी अमेरिकेसारखी काटेकोर नाही. घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी तिन्ही सत्ता पूर्णपणे अलग ठेवण्याची सूचना आणली होती; समितीने ती स्वीकारली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात सांगितले होते की, अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, तर संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक असते. मसुद्याने जबाबदारीस अग्रक्रम दिला आहे. आपल्याकडे मंत्री विधिमंडळाचा सदस्य असतो, म्हणून रोजच्या रोज प्रश्नोत्तरांत त्याचा हिशेब घेता येतो. मात्र न्यायसंस्था कारभारापासून अलग करण्याविषयी त्यांनी स्वतंत्र कलम मांडले. तेच आजचा पन्नासावा अनुच्छेद होय. प्रथम त्यात तीन वर्षांची मुदत होती, ती पुढे गाळण्यात आली. मुदत गेल्यामुळे काम लांबले, हेही खरे. मुंबई राज्याने १९५१ मध्ये यासाठी कायदा केला; सर्व देशभर दंडाधिकाऱ्यांची विभागणी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने केली व ती १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. १९५५ मध्ये पंजाबातील एका प्रकरणात पुन्हा न्यायमूर्ती मुखर्जी यांनीच, तोपर्यंत ते सरन्यायाधीश झाले होते, या योजनेचे मर्म सांगितले : सत्ताविभाजनाचे तत्त्व आपल्या संविधानात कडक स्वरूपात नाही, परंतु तिन्ही अंगांची कामे पुरेशी वेगळी केलेली आहेत आणि मुख्यतः एकाचे काम दुसऱ्याने गिळंकृत करावे, हे संविधानास अभिप्रेत नाही.

लेखी वाटणी झाली, तरी बांध कोरण्याचा मोह सुटत नाही. त्याची दोन उदाहरणे देतो. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडल्यास राज्यपाल वटहुकूम काढू शकतात. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत तो संपतो. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम पुनःपुन्हा काढून जिवंत ठेवले गेले. काही तर चौदा वर्षांपर्यंत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी राजपत्रे धुंडाळून हा प्रकार उघडकीस आणला व सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २० डिसेंबर १९८६ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही प्रथा संविधानाची फसवणूक ठरविली. दुसरे उदाहरण १९७५ चे. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू असता ३९ वी घटनादुरुस्ती करून ती निवडणूक वैध असल्याचे संसदेनेच ठरवून टाकले. न्यायालयाने त्या निवडणुकीविरुद्धचा दावा मान्य केला नाही. परंतु दुरुस्तीतील ते कलम मात्र ७ नोव्हेंबर १९७५ रोजी रद्द केले. हैदराबादच्या १९५० च्या कायद्याशी याचे साम्य वाचकांच्या लक्षात आलेच असेल. एकीकडे दोन स्त्रियांचा वारसा, दुसरीकडे पंतप्रधानांचे पद. तत्त्व एकच : चालू खटल्याचा निकाल कायदा करणाऱ्याने लावू नये.

सत्ता एकमेकींना अडवितात, एवढेच पाहून निराश होण्याचे कारण नाही. तिघींनी आपापले काम केले, तर प्रजेच्या पदरात काय पडते, याचे उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. १९५६ पूर्वी परभणी जिल्ह्याचे उच्च न्यायालय हैदराबादेस होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि उच्च न्यायालय मुंबईस गेले. नागपूरला खंडपीठ मिळाले; मराठवाड्यास ते नव्हते. पाथरीच्या पक्षकाराने मानवत रोडला गाडी धरावी, मनमाडला बदलावी, मुंबईत कोणा आप्ताच्या खोलीत मुक्काम करावा आणि तारीख पुढे गेल्याचे ऐकून परत यावे, अशी ती यातायात होती. ज्याला प्रवासखर्च झेपत नसे, त्याच्यासाठी संविधानाचा २२६ वा अनुच्छेद पुस्तकातच राही.

वकिलांनी व लोकप्रतिनिधींनी मागणी लावून धरली. १९७८ मध्ये विधानसभेने औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे खंडपीठ व्हावे, असा ठराव केला. परंतु १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमानुसार कायम खंडपीठाचा आदेश राष्ट्रपतींनीच द्यावयाचा असतो, तो येईना. त्याच कलमात असेही आहे की, राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य न्यायमूर्ती उच्च न्यायालयाच्या बैठका अन्यत्र भरवू शकतात. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी या अधिकाराचा उपयोग केला व २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादेस बैठका सुरू झाल्या. त्यास आव्हान मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाने आपल्याच मुख्य न्यायमूर्तींचा आदेश रद्द ठरविला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला आणि १९८४ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने खंडपीठ कायमचे झाले. विधानसभेचा ठराव, राज्यपालांची मान्यता, मुख्य न्यायमूर्तींचा आदेश, न्यायालयाची तपासणी व राष्ट्रपतींची मोहोर, एवढे टप्पे त्यास लागले. १९२१ मध्ये एका फर्मानाने जे एका दिवसात झाले असते, त्यास सहा वर्षे गेली. मात्र जे मिळाले, ते कोणाच्या मर्जीचे नाही.

आज पाथरीत तहसील कार्यालय निराळे, न्यायालय निराळे, आणि पाथरी मतदारसंघाचा आमदार मुंबईस विधानसभेत बसतो. या तीन जागांतील भेद न कळल्यामुळे आपली कुटुंबे आजही नुकसान सोसतात. सातबाऱ्यावरील फेरफार ही महसुली नोंद होय. ती उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, परंतु मालकीचा अखेरचा निर्णय दिवाणी न्यायालयच करते. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याखालील काही प्रश्न मात्र त्या कायद्याने महसुली अधिकाऱ्याकडेच सोपविले आहेत. तहसीलदार हा कार्यकारी दंडाधिकारीही असतो. शांतता राखण्यासाठी तो जामीन लिहून घेऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हा अधिकार आहे. पण गुन्ह्याचा खटला चालवून शिक्षा देणे हे न्यायदंडाधिकाऱ्याचे काम. कोणते गाऱ्हाणे कोणत्या दारात न्यावे, आणि एका दारात अन्याय झाल्यास पुढचे दार कोणते, हे ठाऊक असणे म्हणजेच संविधान वाचता येणे.

शेवटी एक गोष्ट आपल्याच घरासंबंधी. जुन्या जातपंचायती नियम करीत, त्याची अंमलबजावणी करीत, दोषी कोण ते ठरवीत आणि दंडही स्वतःच वसूल करीत. तिन्ही सत्ता एका घोंगडीवर बसलेल्या असत, आणि विधवेस, पुनर्विवाह करणाऱ्यास किंवा जातीबाहेर लग्न करणाऱ्यास त्या घोंगडीपुढे अपील नसे. ते एक लहान प्रमाणावरील फर्मानच होते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला व तो जुलै २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार घालणे हा आता गुन्हा आहे. आपली संस्था ही पंचायत नव्हे. नियम करण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा, कारभार कार्यकारिणीचा आणि हिशेब तपासण्याचा अधिकार कार्यकारिणीबाहेरील तपासनिसाचा, ही मर्यादा आपण काटेकोरपणे पाळावी. कोणा कुटुंबाचा तंटा समेटाने मिटत असल्यास ज्येष्ठांनी अवश्य मध्यस्थी करावी. परंतु न मिटल्यास पक्षकारास न्यायालयात जाण्यापासून कोणीही अडवू नये व गेल्याबद्दल त्याच्या पंगतीस जाणे कोणी टाळू नये.

सत्तेचे वाटणीपत्र दिल्लीत लिहिले गेले. परंतु त्याचे बांध गावोगावी आहेत. ते कोरले जात नाहीत ना, हे पाहण्याचे काम त्या त्या गावच्या रहिवाशांचेच आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी फर्मानाखाली दिवस काढले आणि मतपेटीही पाहिली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी निदान हे वाटणीपत्र एकदा तरी घरात मोठ्याने वाचावे, अशी आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे.